बिनकामाची दहा मिनिटं

आमच्या इमारतीमागे एक शाळा आहे. २१ जूनला सकाळी सात वाजता तिच्या मैदानावर शांततेचा कार्यक्रम असतो आणि तो चार गल्ल्या पलीकडे ऐकू जातो. "सगळ्यांनी शांऽत व्हायचंय," असं सर कर्ण्यातून सांगतात. "खांदे सैल सोडा. कपाळावर आठी नको. चेहऱ्यावर हलकंसं हसू... ए, मागच्या रांगेतला! तुला वेगळं आमंत्रण देऊ का?" आणि लगेच पुन्हा मखमली आवाजात, "श्वास आऽत..." इतक्या झटक्यात तारसप्तकात जाऊन परत येणारा गळा सवाईच्या मांडवातसुद्धा क्वचित ऐकायला मिळतो.

मी हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली योगदिनासाठी ही तारीख मुक्रर केली तेव्हा पुण्याच्या पावसाचा विचार कुणी केला नसणार. शाळा सुरू होऊन आठवडाही झालेला नसतो, वह्यांना कव्हरं घालायची असतात, मैदानात चिखल असतो आणि सतरंज्यांना गेल्या वर्षीचा वास. "डोळे मिटा" म्हटल्यावर निम्मी मुलं एकच डोळा मिटतात. मग कुणीतरी हमखास ओरडतं, "सर, हा डोळे उघडे ठेवून बसलाय!" आणि सर विचारतात, "तुला कसं दिसलं?" हा विनोद बाबा आदमच्या काळातला आहे, पण मैदानावर तो दर वर्षी नव्यानं आणि संपूर्ण गांभीर्यानं घडतो.

२०२५ साली तर हा दिवस आणि पालख्यांचा पुण्यातला मुक्काम एकत्रच आले. शाळेला सुट्टी, वर्गांत वारकरी उतरलेले, पण योगासाठी काही मुलांना बोलावलेलं. आदल्या दिवशी आळंदीहून चालत आलेली मंडळी व्हरांड्यात पहुडली होती. सरांनी शवासन सांगितलं तशी मैदानातली मुलं आडवी झाली, चुळबुळली, एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. व्हरांड्यातले मात्र आधीपासूनच त्या आसनात होते आणि सगळ्यांत उत्तम त्यांचंच जमलं होतं.

हे झालं वर्षातून एकदाचं. माझी नात सहावीत आहे, तिच्या शाळेत हे बारा महिने चालतं. वेळापत्रकात त्याला 'माइंडफुलनेस' असं भारदस्त नाव आहे. मुलं 'गप्प तास' म्हणतात. त्यात कधी आसनं असतात, कधी नुसतं बसायचं असतं, कधी गोल गोल नक्षी रंगवायची असते. शेवटी एक कागद मिळतो. त्यावर पाच चेहरे छापलेले, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि खाली प्रश्न: आज तुला किती शांत वाटलं? नात म्हणते, "आम्ही सगळे चौथ्यावर खूण करतो. पाचव्यावर केली तर बाईंना खोटं वाटतं, आणि तिसऱ्यावर केली तर त्या येऊन विचारत बसतात."

महाराष्ट्रात हे खूळ अगदी काल आलेलं नाही. शाळांमध्ये आनापान साधना आणणारा 'मित्र उपक्रम' शिक्षण विभागानं २०११ साली विपश्यना विशोधन विन्यासाच्या साथीनं हाती घेतला. पद्धत फार साधी. शाळा भरताना दहा मिनिटं आणि सुटताना दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, आणि नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे नुसतं लक्ष ठेवायचं. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही, मंत्र नाही, देव नाही, मनात चित्र आणायचं नाही. मन भटकलं की रागवायचं नाही, परत आणायचं. म्हणजे जगातला बहुधा हा एकमेव तास, जिथे मुलाचं लक्ष उडालं तर तो अभ्यासक्रमाचाच भाग असतो.

अडचणी तपशिलात येतात. पुण्यात जुलै ते सप्टेंबर वर्गातली निम्मी नाकं चोंदलेली असतात. श्वास कुठल्या नाकपुडीतून येतो हे बघायला सांगितल्यावर नातीच्या बाकावरची एक मुलगी घाबरली. तिच्या कुठल्याच नाकपुडीतून येत नव्हता. आणि विचारांचा प्रश्न तर आणखी बिकट. बाईंनी सांगितलं होतं, विचार येतील, त्यांना येऊ द्या आणि जाऊ द्या. नात दहा मिनिटं वाट बघत बसली, तिला एकही विचार आला नाही. शेवटी तिनं शेजारणीला हळूच विचारलं, "तुझ्याकडे जास्तीचा आहे का?" शेजारीण उदार होती. तिनं डब्यात काय असेल हा विचार दिला. खोडरबर मागावं इतक्या सहजतेनं हा व्यवहार झाला. वर्षानुवर्षं साधना करणाऱ्यांना जी अवस्था साधत नाही म्हणतात, ती पोरीला पहिल्याच दिवशी साधली होती, आणि आपलं काहीतरी राहिलं म्हणून ती हवालदिल होती.

नातीच्या शाळेनं हा तास सुरू केला तेव्हा पालकसभा झाली होती. सून कचेरीत असल्यामुळे मी गेले. मुख्याध्यापिकांनी सगळं छान समजावून सांगितलं. मग प्रश्न. पहिलाच प्रश्न एका उत्साही वडिलांचा, "यानं मार्कांत किती फरक पडतो?" दुसरा, "घरी करून घ्यायचं असेल तर किती वेळ?" तिसरा प्रश्न एका आईचा. तिनं फार संकोचून विचारलं, "स्कॉलरशिपच्या वर्गाला उशीर होतो, तर हे दहा मिनिटांऐवजी पाच मिनिटांत उरकता येईल का?" मला त्या बाईची दया आली. तिची दुचाकी फाटकाबाहेर उभी होती, मागे एक दप्तर, पुढे दुसरं, हँडलला अबॅकसची पिशवी. गप्प तासाची खरी गरज कुणाला आहे हे त्या सभेत उघड दिसत होतं, पण बाकांवर बसायची पाळी मुलांची होती.

"एकाग्रता वाढते, त्यामुळे अभ्यासही सुधारतो," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. त्यांनी तसं म्हणायला नको होतं असं मला वाटतं, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही म्हटलं असतं. कशासाठीच नाही, नुसतं बसायचं, असं पुण्यातल्या पालकसभेत सांगणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कचेरीत बोलावणं आलं असतं.

ज्यांच्यामुळे विपश्यना ब्रह्मदेशातून परत इकडे आली त्या सत्यनारायण गोएंकांची गोष्ट अशा वेळी आठवते. तिथेच जन्मलेला हा मारवाडी व्यापारी अर्धशिशीनं हैराण झाला होता. जगभरचे डॉक्टर करून झाले. अखेर १९५५ च्या सुमारास तो रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेला. हे गुरू गुहेत राहणारे नव्हेत. ब्रह्मी सरकारच्या हिशेबखात्याचे ते सर्वोच्च अधिकारी होते. त्यांनी गोएंकांना सांगितलं की डोकेदुखी घालवायला येणार असाल तर मी शिकवणार नाही. इतक्या मोठ्या विद्येला इतकं छोटं काम सांगू नका, असा त्यांचा भाव. पुढे डोकेदुखी गेली म्हणतात, पण ती वरकमाई. आयुष्यभर जमाखर्च मांडणाऱ्या माणसानं नेमका इथे हिशेब नाकारला, याची मला मोठी गंमत वाटते. १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी सुरू झालं, पुण्यात स्वारगेटजवळ आणि आळंदीकडे मरकळला केंद्रं झाली. तिथे दहा दिवस मौन पाळून आलेली आमच्या सोसायटीतली मंडळी परतल्यावर त्याविषयी तीन आठवडे बोलतात.

मार्क विचारणाऱ्या त्या वडिलांना खरं तर मॉडेल कॉलनीत, योगाचार्य अय्यंगारांच्या संस्थेत घेऊन जायला हवं होतं. बी. के. एस. अय्यंगार मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाले आणि त्यांचं शिक्षण तिथेच थांबलं. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय असं सगळं अंगावरून गेलेला हा मुलगा मैसूरला मेहुण्यांकडे, म्हणजे टी. कृष्णमाचार्यांकडे, योग शिकला. १९३७ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याला योगशिक्षक हवा होता. सहा महिन्यांचं काम. कृष्णमाचार्यांनी या अठरा वर्षांच्या शिष्याला पाठवलं, कारण त्याला थोडं इंग्रजी येत होतं. नापास झालेलं तेवढंच इंग्रजी! मराठी तर अजिबात येत नव्हतं. समोर शाळा-कॉलेजातली, त्याच्याहून दणकट मुलं. त्यांनी त्याला किती छळलं असेल याची कल्पना पुण्यातल्या कुठल्याही नव्या शिक्षकाला करता येईल. सहा महिन्यांसाठी आलेले अय्यंगार २०१४ मध्ये वारले ते पुण्यातच. १९६६ साली त्यांचं 'लाइट ऑन योगा' निघालं, इंग्रजीत.

या पुस्तकाला प्रस्तावना आहे ती येहुदी मेन्युहिन यांची. १९५२ साली हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक मुंबईत आले होते, थकून गेले होते, आणि अय्यंगारांना त्यांनी पाचच मिनिटं देऊ केली होती. अय्यंगारांनी त्यांना शवासनात निजवलं. मेन्युहिन चक्क झोपले आणि तासाभरानं उठले, ताजेतवाने. तेव्हा शाळेत शवासनाला मुलगा घोरायला लागला तर त्याला उठवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो मेन्युहिनच्या पंगतीत बसला आहे.

शवासन हे दिसायला सोपं पण साधायला फार अवघड आसन आहे, असं अय्यंगारांचं सांगणं असे. मोठ्यांच्या बाबतीत ते सोळा आणे खरं. आमच्या योगवर्गात शवासन सुरू झालं की माझ्या शेजारच्या बाई डोळे मिटून कुकरच्या शिट्ट्या मोजतात. मुलांना मात्र अंग टाकून देणं जमतं. त्यांना जमत नाही ते अंग टाकून ठेवणं. १९७५ मध्ये सुरू झालेल्या रमामणी अय्यंगार संस्थेत मुलांचे वर्ग असतात, आणि त्या परंपरेतली रीत अशी की लहान मुलांना आसनं भराभर करायला लावायची, उड्या मारत, हसत-खेळत. एकेका आसनात खिळवून ठेवायचं ते वय वाढल्यावर. शिस्तीसाठी जगभर वचक असलेल्या घराण्यानं मुलांपुरती ही सूट ठेवली, आणि आपण मात्र सहावीच्या पोरांकडून हिमालयातली बैठक मागतो.

पंतप्रतिनिधींना मात्र पालकांचा तो पहिला प्रश्न मनापासून आवडला असता. औंधचे राजे, भवानराव ऊर्फ बाळासाहेब. हे औंध म्हणजे बाणेरच्या शेजारचं, मॉलवालं नव्हे. सातारा जिल्ह्यातलं, यमाईच्या डोंगराखालचं. सूर्यनमस्कारानं काय होतं असं त्यांना विचारलं असतं तर सभा दुपारपर्यंत चालली असती. स्वतः रोज पहाटे नमस्कार घालायचे, राणीसाहेबांना आणि मुलांना घालायला लावायचे, आणि संस्थानातल्या शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. १९३८ मध्ये लंडनमध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांच्या नमस्कारांवर पुस्तक काढलं, 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ'. इंग्लंडमधल्या गृहिणी बैठकीच्या खोलीत सूर्य नसताना नमस्कार घालू लागल्या असतील, हे चित्र मला फार सुखावतं.

पण राजेसाहेबांचा दुसरा नाद मला जास्त मोलाचा वाटतो. ते चित्रकार होते. चित्ररामायण काढलं, ते १९१६ साली छापलं, कीर्तनं केली, जगभरातून चित्रं आणि शिल्पं गोळा करून डोंगरावर संग्रहालय उभारलं. हेन्री मूरचं एक शिल्प आज माणदेशाच्या उंबरठ्यावर बसलेलं आहे ते त्यामुळे. सकाळी घाम निघेपर्यंत नमस्कार आणि मग कुंचला घेऊन तासन्‌तास एका रंगात बुडून जाणं. योग आणि चित्रकला एकत्र आणण्याचं श्रेय हल्लीचे शालेय तज्ज्ञ घेतात, पण या संस्थानिकानं ती दोन्ही आपल्या दिनक्रमात शंभर वर्षांपूर्वीच एकत्र आणली होती. गंमत अशी, की नमस्कारांचे फायदे त्यांनी मोजून सांगितले. चित्रं का काढतो याचं समर्थन करायची त्यांना गरज वाटली नसावी. औंधच्या शाळेत शिकलेल्यांमध्ये साने गुरुजी आहेत आणि ग. दि. माडगूळकरही आहेत. तो नमस्कारांचा परिणाम की नमस्कार असूनही, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मला स्वतःला ध्यान लागलं असेल तर ते संकल्पचित्राच्या पेपरला. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. स्थिरचित्रात घडा आणि वांगी असत, स्मरणचित्रात सगळ्यांचा एकच मोटेवरचा शेतकरी, पण संकल्पचित्र म्हणजे कंपास, पट्टी आणि पोस्टर कलर. वर्तुळ काढायचं, त्याच त्रिज्येनं परिघावर सहा खुणा करायच्या, पाकळ्या उमटतात, पाकळ्यांत पाकळ्या. मग रंग भरायचा, सपाट. ब्रशचा फराटा दिसला की गुण गेले, रंग रेघेबाहेर गेला की गुण गेले. अख्खा वर्ग जीभ किंचित बाहेर काढून, श्वास रोखून बसलेला. सगळीकडे फक्त पाण्याच्या डब्यात ब्रश खळबळल्याचा आवाज. आता बाजारात 'मंडला आर्ट' म्हणून जे मिळतं ते हुबेहूब हेच, फक्त वर्तुळ छापून येतं. कंपासचं टोक कागदात रुतण्याचं सुख त्यात नाही.

त्याच्याही आधी आईचा रांगोळीचा कागद होता. उदबत्तीनं भोकं पाडलेला, कडेला जळकट झालेला. तो अंगणात ठेवून वर रांगोळी फिरवायची की ठिपके पडत. पंधरा ते आठ. त्या वेळी आईशी कुणी बोलायचं नाही, कारण एक ठिपका चुकला तर मोराला मान राहत नसे. तिला किती शांत वाटलं हे कुणी पाचपैकी विचारलं नाही. दूधवाला सायकल त्यावरून नेई, ती त्याला दोन शब्द सुनवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद काढी. हे सगळं फार थोर होतं असं मी म्हणत नाही. घरातल्या कामातून तेवढाच वेळ तिच्या स्वतःच्या मालकीचा होता, म्हणून कदाचित ती रांगोळी इतकी मोठी काढत असावी.

संकल्पचित्राचंही पुढे काय झालं ते सांगायला हवं. चित्रकलेच्या या ग्रेड परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. ते कळल्यापासून चित्र काढायला येतं की नाही हा प्रश्न मागे पडला आणि गल्लोगल्ली वर्ग निघाले. योगासनांनाही २०२० मध्ये केंद्र सरकारनं स्पर्धात्मक खेळाची मान्यता दिली. वृक्षासनात कोण जास्त स्थिर यावर आता पदकं आहेत. मुलं ती जिद्दीनं मिळवतात, मेहनत खरी असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त आनापानाची स्पर्धा अजून निघालेली नाही, कारण पंचांना काय दिसणार? ती दहा मिनिटं वाचली आहेत ती केवळ त्यामुळे.

नातीच्या गप्प तासासाठी रंगवायची वही हवी होती म्हणून मी अप्पा बळवंत चौकात गेले. गाइडं, अपेक्षित, एकवीस नमुना संच यांच्या थप्प्यांमागून दुकानदारानं विचारलं, "मुलांसाठी हवीय की ताणासाठी?" म्हटलं, फरक काय? "ताणाची ऐंशी रुपये जास्त. रेघा त्याच आहेत." मी मुलांसाठीची घेतली.

पहिलं पान नातीनं शाळेत पूर्ण केलं आणि घरी आणलं. संपूर्ण तपकिरी. सगळी कमळं, सगळी वलयं, मधला ठिपकासुद्धा. सून ते बघून चपापली. रात्री ती फोनवर बराच वेळ काहीतरी वाचत बसली आणि मग मुलाला हळूच म्हणाली की तपकिरी रंग मुलांनी वापरणं म्हणजे म्हणे आत काहीतरी दडपलेलं असतं. मुलानं 'समुपदेशकांशी बोलूया का' इथपर्यंत मजल मारली. बाईंनीही पानाखाली लिहिलं होतं, "रंगसंगतीचा विचार करावा," आणि पुढे हसरा चेहरा, बहुधा चौथा.

सकाळी मी नातीची वेणी घालताना विचारलं, सगळं तपकिरीच का गं?

"आजी, तू पेटी बघितलीस का? लाल, निळा, हिरवा सगळे एवढुसे झालेत. तपकिरी कुणीच वापरत नाही. तो नवा होता तेवढाच होता."

"मग?"

"मग काय? आता तो बाकीच्यांएवढा झाला." आणि पुढच्या पानाला राखाडी घेणार असल्याचं तिनं जाहीर केलं. तो वाढदिवसापासून तसाच पडून आहे.